पंचवीस फुटांचं शिकागो

२५ फूट रुंद, १२५ फूट लांब. शिकागोतल्या सर्वसाधारण घराच्या भूखंडाचं हे माप. क्षेत्रफळ ३,१२५ चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबात तीन गुंठ्यांना थोडं कमी. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती होम इन्शुरन्स बिल्डिंग याच शहरात १८८५ मध्ये उभी राहिली, आणि १९७४ पासून पुढची दोन दशकं जगातली सर्वांत उंच इमारतही इथलीच होती. त्यामुळे शिकागोच्या वास्तुवारशाचा हिशेब बहुतेक वेळा मजल्यांत मांडला जातो. पण या उंच इमारतींचा प्रसिद्ध भाग, ज्याला तिथले लोक ‘लूप’ म्हणतात, पावणेदोन चौरस मैलांहूनही लहान आहे. शहराची एकूण जमीन सुमारे २२७ चौरस मैल. उरलेल्या सव्वादोनशे मैलांत जे आहे ते बहुतांशी या २५ फुटी तुकड्यांवर उभं आहे. वारसा जपण्याचे कायदे करताना शिकागोनं मजले मोजले, वास्तुरचनाकारांची नावं मोजली. घरं मोजायला मात्र फार उशीर केला. या लेखातल्या आकड्यांवरून मला दिसतं ते हे.

आधी हे माप आलं कुठून ते पाहू. १७८५ च्या कायद्यानं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जमिनीचे एक-एक मैलाचे चौकोन पाडायचं ठरलं. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. मोजणी व्हायची ती ६६ फुटी साखळीनं. शिकागोत रस्त्याची सर्वसाधारण रुंदीही एक साखळी, म्हणजे ६६ फूटच. (आपल्याकडे ब्रिटिश मोजणीत साखळी ३३ फुटांची होती. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. दोन्हीकडची मापं एकाच इंग्रजी मोजपद्धतीतून आलेली आहेत.) एका मैलाचे १६ भाग केले की प्रत्येक भाग ३३० फुटांचा होतो. त्यातून ६६ फुटांचा रस्ता वजा करा, घरांच्या मागून जाणारी १६ फुटांची गल्ली वजा करा; उरतात २४८ फूट. गल्लीच्या दोन्ही अंगांना ते वाटले की १२४. भूखंडाची सुमारे सव्वाशे फुटांची लांबी ती ही.

या आखणीमागे सौंदर्याचा विचार नव्हता. १८३० मध्ये जेम्स थॉम्प्सन या मोजणीदारानं शिकागोचा पहिला नकाशा काढला तो कालवा खोदायला पैसा उभा करायचा म्हणून. भूखंड विकले की कालवा होणार होता. समान मापाचा तुकडा न पाहताही विकता येतो, आणि अरुंद तुकडे पाडले की रस्त्याच्या एकाच लांबीत गिऱ्हाइकं जास्त बसतात. मागची गल्लीही फार महत्त्वाची ठरली. कोळसा, कचरा, घोड्यांचे तबेले, नंतर मोटारी, सगळं मागून. आज शहरात अशा गल्ल्यांची एकूण लांबी सुमारे १,९०० मैल भरते. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात इतक्या गल्ल्या नाहीत. घराचा दर्शनी भाग नीटनेटका राहिला तो या गल्ल्यांमुळे.

भूखंड तयार होते आणि माणसं आली. १८४० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या ४,४७० होती. १८७० मध्ये २,९८,९७७. तीस वर्षांत सत्तर पटींच्या जवळ. एवढ्या माणसांना घरं मिळाली ती लाकडाची, बारीक चौकटींवर खिळ्यांनी फळ्या ठोकून काही दिवसांत उभी केलेली. ऑक्टोबर १८७१ मध्ये आग लागली तेव्हा शहरातल्या दोन तृतीयांशांहून अधिक इमारती लाकडी होत्या. ८ ते १० ऑक्टोबर या काळात सुमारे ३.३ चौरस मैलांचा पट्टा जळाला. १७ हजारांवर इमारती गेल्या, अंदाजे ३०० माणसं मेली आणि एक लाख लोक, म्हणजे शहरातला दर तिसरा माणूस, बेघर झाला.

आगीनंतर शिकागो विटांचं झालं, असं एका वाक्यात सांगून बहुतेक पुस्तकं पुढे उंच इमारतींकडे वळतात. मधली तीन वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. शहरभर लाकडी बांधकामाला बंदी घालायचा प्रस्ताव आला तेव्हा जानेवारी १८७२ मध्ये उत्तर भागातले जर्मन कामगार मोर्चा घेऊन नगरपालिकेवर गेले. त्यांचा विटेला विरोध नव्हता. त्यांचा भूखंड स्वतःचा होता, त्यावरचं लाकडी घर जळालं होतं, आणि विटेचं घर बांधण्याएवढा पैसा त्यांच्याकडे नव्हता. विटेची सक्ती म्हणजे जमीन विकून भाडेकरू होण्याची सक्ती, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. नगरपालिकेनं माघार घेतली. बंदी मधल्या भागापुरती राहिली. जुलै १८७४ मध्ये पुन्हा आग लागली, आठशेवर इमारती जळाल्या आणि विमा कंपन्यांनी शहरातून काढता पाय घेण्याची भाषा सुरू केली. मग मात्र लाकडी बांधकामाची बंदी शहराच्या पूर्ण हद्दीला लागू झाली. हद्दीबाहेर लाकडी घरं होतच राहिली. १८८९ मध्ये आजूबाजूचा सुमारे १२५ चौरस मैलांचा प्रदेश शहरात सामील झाला, तेव्हा ती घरंही शिकागोची झाली. म्हणून आजही उत्तरेकडच्या काही रस्त्यांवर लाकडी घरांची रांग विटांच्या रांगेला येऊन भिडते. ती सीमा १८७० च्या दशकातल्या एका पालिका ठरावाची आहे.

खर्च कोण सोसणार, हा त्या मोर्चाचा प्रश्न होता. शिकागोच्या जुन्या घरांच्या गोष्टीत तो दीडशे वर्षं पुन्हा पुन्हा उभा राहतो.

दोन मजले, दोन कुटुंबं

विटेच्या सक्तीवर कामगारवर्गानं जे उत्तर काढलं त्याला तिथे ‘टू-फ्लॅट’ म्हणतात. भूखंड २५ फुटांचा. दोन घरांमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ सोडला की इमारतीला वीस-बावीस फूट रुंदी मिळते. खाली एक घर, वर तसंच दुसरं, तळाला अर्धं जमिनीत गेलेलं तळघर. रस्त्याकडे पुढे आलेली खिडकी, मागे लाकडी सज्जे आणि गल्लीत उतरणारा जिना. दर्शनी भिंतीला गुळगुळीत, महागडी वीट किंवा इंडियानातल्या बेडफर्डच्या खाणींतला राखाडी चुनखडीचा दगड. बोळाकडच्या भिंतींना तिथल्याच चिकणमातीतली खडबडीत, गुलाबी-पिवळट साधी वीट. पैसा दिसेल तिथे खर्च करायचा, न दिसेल तिथे वाचवायचा. दगडी दर्शनी भागाच्या अशा घरांना ‘ग्रेस्टोन’ म्हणतात. १८९० ते १९३० या काळातली अंदाजे ३० हजार ग्रेस्टोन घरं आजही उभी असल्याचं सांगितलं जातं.

टू-फ्लॅटचं खरं कौशल्य दर्शनी भिंतीत नाही, हप्त्यात आहे. मालक खाली राहतो, वरचं घर भाड्यानं देतो आणि भाड्यातून कर्जाचा मोठा वाटा फेडतो. पोलंड, बोहेमिया, लिथुआनिया, आयर्लंड इथून आलेली, इंग्रजी धड न बोलता येणारी माणसं एका पिढीत घरमालक झाली ती या व्यवस्थेतून. चेक लोकांनी आपल्या वस्त्यांत बचत आणि गृहकर्जाच्या छोट्या संस्था काढल्या होत्या. आठवड्याला थोडी थोडी रक्कम भरायची आणि पुरेशी जमली की कर्ज मिळायचं. वरच्या मजल्यावर अनेकदा भाऊ किंवा मेहुणा असायचा, पुढे लग्न झालेली मुलगी. आज शहरातल्या एकूण घरांपैकी सुमारे चौथाई घरं दोन ते चार घरांच्या अशा इमारतींमध्ये आहेत. या एका आकड्यामुळे शिकागोच्या वारशाकडे बघण्याची दिशाच बदलायला हवी.

टू-फ्लॅटनंतर आला बंगला. शब्द आपल्याकडचा असला तरी वास्तू त्यांची: दीड मजल्याची, विटेची, उतरत्या छपराची, पुढे भरपूर खिडक्यांची. १९१० ते १९३० दरम्यान बांधलेले असे सुमारे ८० हजार बंगले शहरात आहेत. एक कुटुंब राहील अशा शिकागोतल्या घरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. नकाशावर ते शहराच्या वायव्येपासून नैर्ऋत्येकडून दक्षिणेपर्यंत कमानीसारखे पसरले आहेत. २००० मध्ये शहरानं बंगल्यांसाठी खास योजना आणली, दुरुस्तीला मदत दिली, एक संस्था उभी राहिली, आणि एकेकाळी कंटाळवाणी समजली जाणारी ही घरं लोक हौसेनं विकत घेऊ लागले. सामान्य घर वाचवता येतं, याचा हा पुरावा.

उंचीचा हिशेब

मध्यवर्ती भागात मात्र २५ फुटांचं गणित मोडून काढावंच लागलं. मोनॅडनॉक इमारतीचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ मध्ये पूर्ण झाला: १६ मजले, भार पेलणाऱ्या विटांच्या भिंती, आणि तळाशी त्यांची जाडी सहा फूट. समजा हीच पद्धत एकट्या २५ फुटी भूखंडावर वापरली असती, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींनीच १२ फूट खाल्ले असते. वीट या उंचीच्या पलीकडे परवडत नाही, हे यावरून कळतं. त्याच इमारतीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग दोनच वर्षांनी झाला आणि तो पोलादी सांगाड्यावर. डिअरबॉर्न रस्त्यावर आजही एकाच छपराखाली बांधकामाचे दोन कालखंड शेजारी शेजारी पाहता येतात. १८९५ च्या रिलायन्स इमारतीत तर भिंत जवळजवळ उरलीच नाही. काच आणि पांढऱ्या भाजलेल्या मातीचं आवरण, एवढंच.

यातल्या बऱ्याच इमारती पुढे पाडल्या गेल्या. होम इन्शुरन्स १९३१ मध्ये गेली. लुई सलिव्हन आणि डँकमार अॅडलर यांचं गॅरिक नाट्यगृह १९६१ मध्ये गेलं. १९६८ मध्ये शहराला वारसा जपण्याचा प्रभावी कायदा मिळाला, तरी याच जोडीची स्टॉक एक्स्चेंज इमारत १९७२ मध्ये पडलीच. पाडकाम चालू असताना तिचे नक्षीकाम केलेले तुकडे वाचवायला रिचर्ड निकल हा छायाचित्रकार आत जात असे. त्या एप्रिलमध्ये ढिगाऱ्याखाली सापडून तो गेला. वय ४३. शिकागोतली वारसा-चळवळ त्याच्या मृत्यूचं ऋण आजही मानते, आणि ते योग्यच आहे. स्टॉक एक्स्चेंजचं व्यवहारदालन नंतर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारण्यात आलं. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला भाषण केलं ते याच संस्थेच्या वास्तूत, म्हणून अनेक मराठी प्रवासी तिथे आवर्जून जातात. त्यांनी हे दालनही बघावं.

उंच इमारतींबद्दल माझी एवढीच तक्रार आहे की त्यांच्यासाठी झालेला लढा शहराच्या उरलेल्या भागाला पुरा पडला नाही.

एकच घर, दोन किमती

घराचा नमुना एकच असला तरी त्यात कोण राहतं यावर त्याचं आयुष्य ठरलं. दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागोत येऊ लागली तेव्हा, १९१० मध्ये, त्यांची संख्या ४४,१०३ होती. १९३० मध्ये २,३३,९०३. १९५० मध्ये ४,९२,२६५. चाळीस वर्षांत अकरा पट. पण त्यांना राहायला मिळालेली जागा त्या प्रमाणात वाढली नाही. शेजाऱ्यांनी आपसात करार करून कृष्णवर्णीयांना घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि १९४८ पर्यंत न्यायालयं असे करार अंमलात आणत होती. मग दक्षिणेकडच्या एका अरुंद पट्ट्यात, ब्रॉन्झव्हिलमध्ये, सहा खोल्यांच्या घराचे एकेका खोलीचे तुकडे पाडले गेले. प्रत्येक खोलीत एक शेगडी, अनेक कुटुंबांना मिळून एक न्हाणीघर. मालकाला एका घराचं भाडं चार-पाच वेळा मिळू लागलं.

१८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं बांधलेली मेका फ्लॅट्स ही इमारत याच भागात होती. दोन मोठे काचछत असलेले चौक, भोवती लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, एकूण ९८ घरं. पुढे ती कृष्णवर्णीय कुटुंबांनी गजबजली, दुरुस्तीविना थकली, आणि शेजारच्या तंत्रशिक्षण संस्थेनं १९५२ मध्ये ती पाडली. त्या जागेवर १९५६ मध्ये मीस व्हान डेर रोह यांचा क्राउन हॉल आला: १२० बाय २२० फुटांचा, आत एकही खांब नसलेलं काचेचं दालन. तो खरोखर थोर आहे. २००१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. पण त्याचं वर्णन करताना खालच्या ९८ घरांचा उल्लेख केला नाही तर हिशेब खोटा ठरतो. ब्रॉन्झव्हिलची दखल शहरानं १९९८ मध्ये घेतली, तेव्हा वारसा म्हणून निवडलेल्या जागा भरल्या फक्त नऊ.

पश्चिमेकडच्या नॉर्थ लॉन्डेलची गोष्ट याहून जास्त आकड्यांत सांगता येते. इथली ग्रेस्टोन घरं शहरातल्या सर्वांत देखण्या घरांपैकी आहेत. १९५० च्या दशकात ज्यू कुटुंबं इथून उपनगरांत गेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबं आली. त्यांना बँका गहाणकर्ज देत नव्हत्या, कारण अशा वस्त्यांतल्या कर्जाला केंद्र सरकारची हमी मिळत नव्हती. मग दलाल मध्ये आले. घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून घर स्वस्तात घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला ते करारावर अवाच्या सवा किमतीत द्यायचं. करार असा की शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी दलालाकडेच राहणार. एक हप्ता चुकला तर घरही जाणार आणि आधी भरलेले सगळे पैसेही. ड्यूक विद्यापीठाच्या केंद्रानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० आणि ६० च्या दशकांत शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना विकलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं अशा करारावर गेल्याचं म्हटलं आहे, आणि या कुटुंबांचं नुकसान २०१९ च्या किमतीत ३ ते ४ अब्ज डॉलर धरलं आहे.

या पैशाचा वास्तूशी थेट संबंध आहे. हप्ता चुकवायचा नाही म्हणून माणसं दोन-दोन नोकऱ्या करत, घरात जास्तीचे भाडेकरू ठेवत आणि छपराची दुरुस्ती पुढे ढकलत. पाणी एकदा विटेच्या सांध्यात शिरलं की शिकागोच्या थंडीत त्याचं बर्फ होतं, सांधा फुटतो, पुढच्या वर्षी वीट सुटते. जे काम पन्नास वर्षांच्या हवामानानं झालं नसतं ते दहा वर्षांच्या अन्यायी करारानं झालं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पश्चिमेकडचे बाजाररस्ते जळाले. पाठोपाठ कारखाने गेले. सीअर्स या कंपनीचं मुख्यालय १९०६ पासून नॉर्थ लॉन्डेलमध्ये होतं. १९७३ मध्ये ते मध्यवर्ती भागातल्या नव्या सीअर्स टॉवरमध्ये जाऊ लागलं: ११० मजले, १,४५१ फूट, ढाक्यात शिकलेल्या फझलूर रहमान खान या असामान्य अभियंत्याची रचना. जगातल्या सर्वांत उंच इमारतीचे सोहळे झाले तेव्हा तिच्यात बसणाऱ्या नोकऱ्या एका २५ फुटी भूखंडांच्या वस्तीतून उठून आल्या होत्या. नॉर्थ लॉन्डेलची लोकसंख्या १९६० मध्ये १,२४,९३७ होती. २०२० मध्ये ३४,७९४. साठ वर्षांत ७२ टक्के घट. पूर्ण शहराची घट १९५० च्या शिखरापासून (३६,२०,९६२) २०२० पर्यंत (२७,४६,३८८) २४ टक्के आहे.

घर रिकामं पडलं की ते पाडण्याचा आदेश निघतो. पाडलेल्या घराची साधी वीट मात्र वाया जात नाही: ती साफ करून, रचून, दूरच्या राज्यांत नव्या बंगल्यांना ‘जुनेपण’ द्यायला विकली जाते. शिकागोच्या परिसरातल्या वीटभट्ट्या १९८० च्या सुमारास संपल्या, त्यामुळे गेलेली वीट परत येत नाही.

यादीत कोण आहे

१९८३ ते १९९५ या बारा वर्षांत शिकागोनं आपल्या इमारतींची पाहणी केली. पाच लाखांहून अधिक इमारती पाहिल्या आणि त्यांतल्या १७,३७१ महत्त्वाच्या म्हणून नोंदवल्या. प्रमाण साडेतीन टक्के. नोंदवलेल्यांना महत्त्वानुसार रंग दिले: सर्वांत वरच्या ‘लाल’ वर्गात सुमारे ३००, खालच्या ‘नारिंगी’ वर्गात साडेनऊ हजारांच्या वर. २००३ च्या नियमानुसार या दोन वर्गांतली इमारत पाडायचा अर्ज आला की पालिका जास्तीत जास्त ९० दिवस परवाना रोखून विचार करते. नव्वद दिवस, तेही दोन टक्क्यांहून कमी इमारतींसाठी. पाहणी करणाऱ्यांचं काम मी कमी लेखत नाही. इतक्या मोठ्या शहरात रस्ता न् रस्ता फिरून केलेली अशी नोंद क्वचितच सापडते. पण त्यांनी प्रश्न विचारला होता तो ‘ही इमारत वेगळी आहे का?’ असा. टू-फ्लॅट वेगळा नसतोच. तो शेजाऱ्यासारखा असतो, आणि तशा चाळीस घरांची अखंड रांग हाच त्याचा गुण. एक घर पडलं तर नियमाच्या नजरेत काहीच गेलं नाही. दहा पडली की रस्ताच गेला.

दोन ते चार घरांच्या इमारती किती वेगानं जातात याचा अंदाज डीपॉल विद्यापीठाच्या गृहनिर्माण अभ्यासकांनी काढला आहे. २०१३ ते २०१९ या काळात अशा सुमारे ४,८०० इमारती कमी झाल्या, त्यांच्याबरोबर साडेअकरा हजारांहून अधिक घरं. श्रीमंत होत चाललेल्या उत्तर भागात त्यांचं एकेका कुटुंबाचं मोठं घर झालं. गरीब दक्षिण आणि पश्चिम भागांत त्यांची मोकळी जागा झाली. दोन उलट कारणं, आणि दोन्हीकडे तेच घर बळी.

मग या घरांनाही वारसा-परिसर म्हणून जाहीर का करत नाहीत? पिल्सेनमध्ये तो प्रयत्न झाला. चेक स्थलांतरितांनी वसवलेली, १९५० च्या दशकापासून मेक्सिकन कुटुंबांची झालेली ही वस्ती. इथे घरांची जोती रस्त्याच्या पातळीखाली दिसतात, कारण सांडपाण्याच्या नळांसाठी शहरानं रस्ते भराव घालून उचलले आणि घरं होती तिथेच राहिली. पदपथावरून छोट्या पुलासारख्या पायऱ्यांनी वरच्या मजल्यात शिरावं लागतं. (मध्यवर्ती भागात श्रीमंत मालकांनी इमारतीच उचलल्या होत्या. १८६० मध्ये लेक रस्त्यावरची ३२० फुटांची अख्खी रांग ६०० माणसांनी ६,००० जॅक फिरवत साडेचार फुटांहून वर नेली, आतली दुकानं चालू असताना. पिल्सेनच्या मजुराला ते शक्य नव्हतं.) सुमारे ८५० इमारतींचा वारसा-परिसर करण्याचा प्रस्ताव पालिकेनं मांडला. डिसेंबर २०२० मध्ये तो सभागृहात फेटाळला गेला, आणि विरोध करणाऱ्यांत तिथले रहिवासी पुढे होते. खिडकी बदलायची तर परवानगी, आणि नवी खिडकीही महाग लाकडाची. घराचं मोल वाढलं की मालमत्ता कर वाढणार, भाडं वाढणार. २००० नंतरच्या दीड दशकात दहा हजारांहून अधिक लॅटिनो रहिवासी पिल्सेनमधून आधीच बाहेर गेले होते. भिंत वाचेल आणि आपण जाऊ, ही त्यांची भीती. १८७२ चा जर्मन कामगार हेच म्हणत होता.

मला त्यांचा विरोध बरोबर वाटतो. याचा अर्थ घरं पडू द्यावीत असा नाही, आणि शिकागोनंही तसा घेतला नाही. जानेवारी २०२१ मध्ये सभागृहानं दुसरा रस्ता धरला. पिल्सेनमध्ये आणि वायव्येकडच्या ‘६०६’ या २.७ मैलांच्या उंचावरच्या पायवाटेभोवती, जिथे पश्चिमेकडच्या टोकाला घरांच्या किमती २०१३ नंतर तीन-चार वर्षांत ४८ टक्के वाढल्या होत्या, बहुकुटुंबी इमारतीचं एकाच कुटुंबाचं घर करण्यावर निर्बंध आले. ‘६०६’ भोवती पाडकामावर अधिभारही बसला: टू-फ्लॅट पाडायचा तर १५,००० डॉलर, मोठी इमारत असेल तर दर घरामागे ५,०००. २०२४ मध्ये हे दर चौपट करून ६०,००० आणि २०,००० केले गेले. या नियमात दर्शनी भिंतीच्या नक्षीचा उल्लेख नाही. त्यात घरांची संख्या मोजली आहे, आणि संख्या टिकली तर भिंत आपोआप टिकते.

दक्षिण आणि पश्चिम भागात मात्र अधिभाराचा उपयोग नाही. तिथे पाडणारा बिल्डर नसून रिकामेपण आहे. पालिकेच्या ताब्यात आज सुमारे दहा हजार मोकळे भूखंड आहेत, बहुतेक याच भागांत. तिथे दुरुस्तीला पैसा हवा, कमी व्याजाचं कर्ज हवं, आणि मोकळ्या तुकड्यावर पुन्हा दोन-तीन घरांची इमारत बांधायला मुभा हवी. २०२४ मध्ये नॉर्थ लॉन्डेलपासून अशी योजना सुरू झाली आहे. बंगल्यांसाठी २००० मध्ये जे केलं ते टू-फ्लॅटसाठी करायला शहरानं पंचवीस वर्षं लावली, हे चुकलंच.

बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये शिकागोत झाली, आणि उपनगरांतल्या मुलांकडे दर उन्हाळ्यात कितीतरी मराठी आई-वडील जातात. नदीतून बोटीनं उंच इमारती बघणं होतंच, ते व्हावंही. आणखी एक दिवस काढा. लूपमधून पिंक लाइनची गाडी घ्या, एटीन्थ स्ट्रीटला उतरून पिल्सेनच्या खाली गेलेल्या जोत्यांवरून चक्कर मारा, मग त्याच गाडीनं पुढे केड्झीपर्यंत जा आणि नॉर्थ लॉन्डेलची ग्रेस्टोन घरं पाहा. दुपारच्या उजेडात जा, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चाला, आणि उभी घरं किती, मोकळे भूखंड किती, ते मोजा.